ग्रंथांची टीपवही कशी लिहावी

कीर्तनाला उभे राहिलेले बुवा सांगतात, "गाथेत अमुक नंबरचा अभंग काढून पाहा." ऐकणारा माळकरी घरी जातो, देवघरातली गाथा उघडतो, आणि त्या नंबरावर भलताच अभंग निघतो. मग दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा होते. कोणी म्हणतो, बुवांची आठवण चुकली. कोणी म्हणतो, तुझी गाथाच खोटी. खरे पाहता दोघांतले कोणीच चुकलेले नसते. बुवांच्या हातातली गाथा एका संपादकाची आणि ऐकणाऱ्याच्या घरातली दुसऱ्याची, एवढेच झालेले असते. बुवांनी नंबर सांगितला, गाथा कोणती ते सांगितले नाही. आणि ऐकणाऱ्याने विचारलेही नाही.

आपल्या संप्रदायात प्रमाणाशिवाय बोलू नये अशी शिस्त आहे. निरूपणात एक विधान केले की त्याला लगेच संतवचनाचे प्रमाण द्यायचे, तेव्हा ते विधान उभे राहते. ही शिस्त तोंडी फार चांगली पाळली जाते. लेखी मात्र आपण ढिले पडतो. म्हणून या लेखात एका लहानशा कामाची रीत सांगायची आहे. आपण जे ग्रंथ वाचतो, ज्यांच्या आधारे बोलतो, त्यांची यादी करायची आणि प्रत्येक ग्रंथाखाली चार-सहा ओळींत तो ग्रंथ कसला आहे, कशावर उभा आहे आणि कोणाच्या किती उपयोगाचा आहे, हे लिहायचे. विद्यापीठातले लोक याला सटीप ग्रंथसूची म्हणतात. आपण टीपवही म्हटले तरी काही बिघडत नाही.

नुसती यादी आणि टीपवही यांत अंतर आहे. नुसती यादी लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी असते. कोणी काय दिले एवढे कळते, देणारा कोण, कुठला, नाते काय, हे काही कळत नाही. टीपवही वाचणाऱ्याला ग्रंथ हातात नसतानाही ग्रंथाची ओळख होते, आणि तो मिळवायला कोल्हापूरपर्यंत एस.टी.चे भाडे खर्चावे की नाही, हे ठरवता येते.

ही गोष्ट बाहेरून आलेली आहे असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. महिपतीबुवा ताहराबादकरांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इ.स. १७६२ साली, भक्तविजय पुरा केला. त्यात ते आपले आधार लपवत नाहीत. उत्तरेकडच्या नाभाजींनी आणि माणदेशातल्या उद्धवचिद्घनांनी संतचरित्रे लिहिली, ती एकत्र करून आपण ग्रंथ रचला, हे ते स्वतःच सांगतात. आधार कोणाचा, तो कुठला, आपण त्याचे काय केले, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. त्याच्याही पूर्वी नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी काही ओव्यांत त्या कामाची नोंद ठेवली. शक कोणता, मूळ ग्रंथ चांगला असूनही पाठांतराने त्यात अशुद्धे कशी शिरली, आपण काय केले, आणि पुढे कोणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये, इतके सारे त्यांनी थोडक्यात सांगून ठेवले आहे. चांगल्या टिपेत याहून निराळे काय असते? त्यांनी ते सांगून ठेवले नसते, तर आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो ती कोणत्या वाटेने आली, याचा एवढा स्पष्ट पुरावा राहिला नसता.

आता कागलकरांना हा विषय जवळचा का, ते सांगतो. कागल हे दूधगंगेच्या खोऱ्यातले गाव, पुण्याहून बंगळुरूकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. याच गावात १९३५ साली आनंद यादव जन्मले. शेतात राबून शिकलेला हा पोरगा पुढे मराठीचा मोठा लेखक झाला. त्यांच्या 'झोंबी'ला १९९० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि कागलच्या मातीतली भाषा त्या पुस्तकाने महाराष्ट्रभर नेली. उतारवयात त्यांनी तुकोबारायांवर 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी लिहिली. तीत तुकोबांच्या तरुणपणाचे जे चित्र आले त्याने वारकऱ्यांची मने फार दुखावली. २००९ साली यादव महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले होते. त्या वेळी वाद इतका पेटला की त्यांनी क्षमा मागून पुस्तक मागे घेतले, अध्यक्षपदही सोडले, आणि संमेलन अध्यक्षाविना झाले. प्रकरण पुढे न्यायालयातही गेले. २०१६ साली यादव निवर्तले.

तो वाद उकरून काढायचा नाही. ज्यांना दुःख झाले त्यांचे दुःख खरे होते, आणि लेखकाचा कागलला अभिमान आहे तोही खोटा नाही. परंतु त्या साऱ्या गदारोळात एकच प्रश्न सगळीकडून पुन्हा पुन्हा विचारला जात होता, तो म्हणजे "याला आधार काय?" हा प्रश्न अगदी बरोबर होता. मात्र तो विचारणाऱ्याच्या स्वतःच्या हाताशीही उत्तर पाहिजे. तुकोबांच्या तरुणपणाविषयी कोणता ग्रंथ काय सांगतो, तो ग्रंथ तुकोबांच्या मागाहून किती वर्षांनी झाला, हे आपल्यातल्या किती जणांना कागदावर मांडून दाखवता आले असते? फार थोड्यांना, असे माझे मत आहे. राग सगळ्यांजवळ होता, टीपवही कोणाजवळ नव्हती.

तेव्हा तुकोबांच्या चरित्राचेच उदाहरण घेऊन पाहू. आधारांच्या पायऱ्या कशा लागतात ते पाहा. पहिली पायरी तुकोबांचे स्वतःचे अभंग. त्यांपैकी काहींत त्यांनी आपला संसार, दुष्काळ, दिवाळे, विरक्ती यांविषयी स्वतः सांगितले आहे. दुसरी पायरी समकालीनांची. बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या, त्यांच्या अभंगांत देहूचे प्रत्यक्ष दर्शन आहे. तिसरी पायरी महिपतींचे भक्तलीलामृत, शके १६९६, म्हणजे इ.स. १७७४. तुकोबांच्या प्रयाणानंतर सव्वाशे वर्षांच्या सुमारास हे लिहिले गेले. त्यात पंचविसाव्या अध्यायापासून चाळिसाव्यापर्यंत तुकोबांचे चरित्र आहे. चौथी पायरी ल. रा. पांगारकरांचे तुकाराम चरित्र, इ.स. १९२०. पांगारकर भक्त होते आणि अभ्यासकही होते, म्हणून त्यांच्यात परंपरेतली कथा आणि जुने कागद दोन्ही एकत्र येतात. आणि मग कितीतरी पुढे एकविसाव्या शतकातली कादंबरी, जिच्यात लेखकाच्या कल्पनेला जागा असते आणि ती असणारच.

आता ही पाच नावे नुसती एकाखाली एक लिहिली तर वाचणाऱ्याला ती सारखीच दिसतील. पण प्रत्येकाखाली "स्वतःचे शब्द", "डोळ्यांनी पाहिलेले", "सव्वाशे वर्षांनी, परंपरेने ऐकलेले", "कागद तपासून, पण भक्तिभावाने", "कादंबरी आहे, चरित्र नव्हे" असे लिहिले की सगळा उजेड पडतो. वाद घालणाऱ्यालाही कुठे उभे राहून बोलायचे ते कळते, आणि पुष्कळसा वाद तिथेच मिटतो.

एवढे मोठे उदाहरण झाल्यावर आता हाताने काम कसे करायचे ते सांगतो.

ग्रंथ हातात घ्या आणि कव्हर सोडून आतले शीर्षकपान उघडा. कव्हरावर पुष्कळदा नाव लहान केलेले असते किंवा नुसते "गाथा" एवढेच छापलेले असते. शीर्षकपानावरून आणि त्याच्या मागच्या पानावरून एवढे उतरून घ्या. ग्रंथाचे पूर्ण नाव. ज्यांची वाणी आहे त्या संतांचे नाव. संपादकाचे किंवा अर्थ लिहिणाऱ्याचे नाव. आवृत्ती कितवी. प्रकाशक आणि गाव. साल. पृष्ठसंख्या. संतांचे नाव आणि संपादकाचे नाव ही दोन निराळी घरे आहेत, ती मिसळू नका. "लेखक : ज्ञानेश्वर महाराज" एवढे लिहून थांबलात तर ती दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी की राजवाड्यांची, काही कळणार नाही, आणि दोघांत तर जमीनअस्मानाचा फरक आहे.

सालाची एक फजिती पुष्कळांची होते, ती इथे सांगून टाकतो. जुन्या ग्रंथावर शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरे. जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. तुकोबांच्या प्रयाणाचे वर्ष पुस्तकांत कुठे १६४९ तर कुठे १६५० दिसते. शके १५७१ चा फाल्गुन धरला तर ७९ मिळवून १६५० येते. ज्याने घाईने ७८ मिळवले त्याचे १६४९ झाले. (शक १५७० की १५७१, हा आणखी निराळा वाद आहे, त्यात इथे शिरत नाही.) म्हणून ग्रंथावर जो शक असेल तो तसाच लिहावा आणि इसवी सन पुढे आपला लिहावा. मूळ खोडून आपला हिशेब तिथे घालू नये.

साल सापडलेच नाही तर? पुष्कळ स्वस्त पोथ्यांवर ते नसतेच. तिथे सरळ "साल छापलेले नाही" असे लिहावे. अंदाज ठोकू नये.

ही झाली नोंद. खरे काम तिच्याखालच्या टिपेचे. टीप लिहिताना पहिली गोष्ट अशी पाहावी की या ग्रंथाचा मजकूर कुठून आला. गाथेच्या बाबतीत हे अगदी जिवाचे आहे. इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत जी गाथा निघाली ती विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून सिद्ध केली, तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. पुढे १९५० साली मुंबई सरकारने पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह गाथा काढली ती मुख्यतः हिचीच. तिलाच आपण "सरकारी गाथा" म्हणतो. विष्णुबुवा जोग महाराजांच्या सार्थ गाथेत अभंग चार हजारांवर, आणि नंबर अर्थातच निराळे. तुकाराम तात्या पडवळांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो संग्रह काढला त्यात आठ हजारांवर अभंग भरले. जिथे जे तुकोबांच्या नावावर मिळाले ते घ्यायचे, अशी त्यांची दृष्टी होती. आणि वि. ल. भाव्यांनी १९१९-२० च्या सुमारास संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून जे छापले त्यात अवघे तेराशेच्या आसपास.

पाहा, तेराशे आणि आठ हजार! आणि चारही ठिकाणी नाव एकच, तुकाराम गाथा. नुसत्या यादीत हे चार ग्रंथ चार भावांसारखे शेजारी शेजारी बसतील. टिपेत मात्र ज्याचे त्याचे घराणे उघड होते. मग कोणी "हा अभंग गाथेत नाही" म्हणाला तर "कोणत्या गाथेत नाही?" असे शांतपणे विचारता येते. तेराशेच्या गाथेत एखादा अभंग नसणे आणि आठ हजारांच्या गाथेत नसणे, या दोन गोष्टींचे वजन सारखे नाही. तसेच आठ हजारांत आहे म्हणून तो तुकोबांचाच, असेही म्हणता येत नाही.

ज्ञानेश्वरीचेही थोडेफार असेच. छापील ज्ञानेश्वरी १८४५ पासून निघत आहेत. अण्णा मोरेश्वर कुंट्यांची १८९४ ची, माडगावकरांची १९०७ ची, राजवाड्यांची १९०९ ची, सोनोपंत दांडेकरांची १९५३ ची, सरकारची १९६० ची. टिपेत एवढे आले पाहिजे की मजकूर नाथांनी शुद्ध केलेल्या परंपरेतला आहे की त्याहून जुना मानलेल्या पोथीवरचा. राजवाड्यांचा दावा दुसऱ्या प्रकारचा होता आणि सरकारी प्रतीने मुख्यतः त्यांचाच पाठ धरला. पारायणाला बसणाऱ्याला दांडेकरांची प्रत हातात घेतली की सोपे जाते, कारण अर्थ शेजारीच असतो आणि लिहिणारा आपल्याच परंपरेतला, जोग महाराजांचा शिष्य. पण एखाद्या शब्दाचे जुने रूप पाहायचे असेल तर राजवाड्यांकडे जावे लागते. ही गोष्ट टिपेत एका वाक्यात येते आणि नवख्याचे चार महिने वाचवते.

नामदेवरायांच्या गाथेची टीप लिहिणाऱ्याने तर फार जपून लिहावे. महाराष्ट्र शासनाने १९७० साली नामदेव गाथा काढली. पण नामा या नावाने लिहिणारे पुढेही झाले, विष्णुदास नामा त्यांतले प्रसिद्ध, आणि अभंग एकमेकांत मिसळले. संपादकाने हे मिसळलेले अभंग निराळे काढले आहेत का, काढले असतील तर कशावरून, हे प्रस्तावनेत शोधून टिपेत नोंदवावे.

दुसरी गोष्ट, ग्रंथात काय काय आहे. नुसते मूळ, की अर्थासह? प्रस्तावना किती पानांची आणि कोणाची? शेवटी अभंगांची अकारादी सूची आहे का? ही सूची भजनी मंडळाला सोन्याच्या मोलाची. चरण तोंडात आहे, अभंग सापडत नाही, अशा वेळी तीच कामाला येते. पाठभेद दिले आहेत का? अक्षर केवढे? हसू नका. साठीतल्या वाचकाला रात्री मंदिरातल्या दिव्याखाली बारीक टाइप वाचता येत नाही, आणि ज्या ग्रंथालयाच्या यादीत "अक्षर मोठे" असे लिहिलेले असते त्या ग्रंथालयाचा तो वाचक दुवा देतो.

तिसरी गोष्ट, ग्रंथ कोणत्या बाजूने लिहिला आहे. इथे मन मोठे ठेवावे लागते. गं. बा. सरदारांनी १९५० साली 'संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' लिहिले, ते संतांच्या कार्याकडे समाजाच्या अंगाने पाहते. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली लिहिले, त्यात विठ्ठलाच्या उगमाचा शोध आहे आणि तो शोध ज्या वाटेने जातो ती सगळ्याच वारकऱ्यांना मानवेल असे नाही. न मानवेना का! टिपेत "हे पुस्तक वाचू नये" असे लिहायचा आपल्याला अधिकार नाही. "पांडुरंगाच्या मूळ स्वरूपाविषयी लेखकाचे मत परंपरेहून निराळे आहे, त्याच्या पुष्टीला शिलालेख, पुराणे आणि लोककथा घेतल्या आहेत" असे लिहावे. मत आपले, वर्णन ग्रंथाचे, हा भेद सांभाळला की टीपवहीवर विश्वास बसतो. शिव्या घालणारी टीपवही आणि आरती ओवाळणारी टीपवही, दोन्ही सारख्याच निरुपयोगी. "अतिशय सुंदर व रसाळ ग्रंथ" एवढेच वाक्य प्रत्येक नोंदीखाली लिहिलेले असेल तर वाचणाऱ्याला काय कळणार? प्रत्येक आंबा गोड म्हणून सांगणाऱ्या बागवानाकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जात नाही.

एक टीप नमुन्यादाखल पुरी लिहून दाखवतो. ग्रंथ दि. बा. मोकाशी यांचा 'पालखी', १९६४.

"ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालून लिहिलेले प्रवासवर्णन. लेखक माळकरी नाहीत, कथालेखक आहेत. पाहणाऱ्याच्या नात्याने ते दिंडीत वावरतात आणि आपली शंका व थकवा लपवत नाहीत. मुक्काम, जेवण, दिंडीतली माणसे यांची वर्णने भरपूर. संप्रदायाचे तत्त्वज्ञान किंवा दिंड्यांचा क्रम यासाठी हे पुस्तक उपयोगी नाही. साठ वर्षांपूर्वीची वारी कशी होती हे नव्या वारकऱ्याला कळण्यास फार चांगले. फिलिप एंगब्लोम यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८७ साली निघाले, परदेशातल्या नातवंडांना देण्याजोगे."

यात पाहा, ग्रंथ काय आहे, लिहिणारा कोण, कशाला उपयोगी, कशाला नाही आणि कोणाला द्यावा, एवढे आले. लेखकाचे सगळे चरित्र आले नाही, कथाही सांगितली नाही. सात वाक्यांत काम झाले. टीप पानभर होऊ लागली की ते परीक्षण होते, आणि परीक्षणाची जागा मासिकात आहे, वहीत नाही. ग्रंथ न वाचता प्रस्तावनेतलीच वाक्ये उतरून टीप करण्याची युक्तीही पुष्कळांना सुचते. ती लगेच ओळखू येते, कारण प्रस्तावना लिहिणारा ग्रंथाचा कमीपणा सहसा सांगत नाही. सगळा ग्रंथ वाचायला वेळ नसेल तर तसे लिहावे : "पहिले सहा अध्याय व सूची पाहिली." यात लाज वाटण्याचे काही कारण नाही.

लेखांचीही नोंद घ्यावी, नुसत्या ग्रंथांची नव्हे. इरावती कर्वे यांचा वारीवरचा 'वाटचाल' हा लेख त्यांच्या 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. आता 'परिपूर्ती' हे नाव वाचून त्यात वारी असेल असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. लेखाचे नाव आधी, मग पुस्तकाचे, असे लिहिले तरच ते सापडते. जुन्या मासिकांचे अंकही असेच. महिना आणि वर्ष लिहिल्याशिवाय अंकाची नोंद करू नये.

सीमाभागातल्या मंडळींसाठी एक शब्द. कागलच्या दक्षिणेला निपाणी, तिथून पुढे बेळगाव. या भागात कानडी आणि मराठी शेजारी नांदतात आणि विठ्ठल दोघांचाही. कानडी हरिदासांची पदे, त्यांची मराठी भाषांतरे, देवनागरीत छापलेली कानडी पदे, असे पुष्कळ इकडच्या घरांत असते. तेव्हा भाषा कोणती आणि लिपी कोणती, ही दोन वेगळी नोंदावी. देवनागरी दिसले म्हणून मराठी असे धरू नये.

आता हस्तलिखित बाडांविषयी. हे सगळ्यांत मोलाचे आणि सगळ्यांत लवकर नाहीसे होणारे. पणजोबांनी उतरलेले अभंगांचे बाड रुमालात बांधून माळ्यावर ठेवलेले असते. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली येते आणि कधी कधी बंबात जाते. याला शीर्षकपान नसते, म्हणून नोंद निराळ्या रीतीने करावी लागते. पाने मोजा, लांबीरुंदी लिहा. लिपी बाळबोध की मोडी, ते लिहा. पहिल्या पानाची पहिली ओळ आणि शेवटच्या पानाची शेवटची ओळ जशीच्या तशी उतरून घ्या, ऱ्हस्वदीर्घही सुधारू नका. शेवटी लिहिणाऱ्याने आपले नाव, गाव, शक, तिथी घातलेली असते, तिला पुष्पिका म्हणतात. ती पुरी उतरावी. आत कोणाकोणाचे अभंग आहेत ते मुद्रेवरून पाहावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांनी तिचा डिंक पान खातो. मोबाईलवर छायाचित्रे काढून ठेवावी. पण मालकाच्या परवानगीवाचून ती चारचौघांत धाडू नयेत. घरातले बाड ही घरातली वस्तू आहे.

मोबाईलचा विषय निघाला म्हणून सांगतो. आता गाथा आणि ज्ञानेश्वरी मोबाईलवर आल्या आहेत, वारीच्या वाटेवर चांगली सोय झाली आहे. पण त्यातला मजकूर कोणत्या छापील प्रतीवरून घेतला ते पुष्कळदा सांगितलेले नसते. टीपवहीत हेही लिहावे. दहा अभंग घेऊन सरकारी गाथेशी ताडून पाहिले, नंबर जुळले की नाही, शब्द जुळले की नाही, एवढे लिहिले तरी पुरे.

वही कशी ठेवावी? प्रत्येक ग्रंथाला एक कोरे कार्ड घेतले तर सर्वांत बरे, कारण नवीन ग्रंथ आला की मध्ये घालता येतो. शिवलेल्या वहीत ते जमत नाही, मग समासात बाण काढत बसावे लागते. कार्डे संतांच्या नावाने लावा, आणि एका संताखाली आधी मूळ वाणी, मग अर्थ व टीका, मग चरित्रे, मग इतर अभ्यास, शेवटी कादंबऱ्या आणि नाटके. चरित्र आणि कादंबरी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घाला असे मी तर म्हणेन. मागे सांगितलेला वाद आठवावा. ज्या ग्रंथावर वाद झाला त्याचे कार्डही काढून टाकू नये. ते कशाचे पुस्तक, केव्हा निघाले, केव्हा आणि का मागे घेतले गेले, हे साध्या शब्दांत लिहून कादंबऱ्यांच्या घरात ठेवावे. कार्ड फाडले तर पन्नास वर्षांनी विचारणाऱ्याला आपली बाजूही कळायची नाही.

एकट्याने एवढे काम कसे व्हावे, असे मनात येईल. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंतची दुसरी, ती मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर. आपल्याला सगळ्या मराठीचा भार उचलायचा नाही. एका मंदिरातले कपाट घ्यायचे. चाळीस-पन्नास ग्रंथ निघतील. त्यातले निम्मे पारायणाच्या पोथ्यांच्या जादा प्रती असतात, त्यांना एकच कार्ड पुरते. आठवड्याला दोन कार्डे धरली तर आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कपाट संपते. ज्या नोंदी अडतील, म्हणजे शीर्षकपान फाटलेले, साल गेलेले, त्यांची निराळी चिठ्ठी करून कोल्हापूरला जावे. तिथले करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे, जुनी पुस्तके ताडून पाहायला तिथे जावे. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात हस्तलिखितांचाही संग्रह आहे. जाताना फाटक्या ग्रंथाचे पहिले शाबूत पान आणि शेवटचे पान यांची छायाचित्रे आणि पृष्ठसंख्या बरोबर न्यावी. तेवढ्यावरून शेजारी पुरी प्रत ठेवून आवृत्ती ओळखता येते. नुसते "आमच्याकडे एक जुनी गाथा आहे" असे सांगून कोणालाच काही सांगता यायचे नाही.

कार्डे लिहून झाली की एक प्रत कपाटाच्या आत, दाराला आतून बांधलेल्या पेटीत ठेवावी आणि दुसरी विणेकऱ्याच्या घरी. नवीन ग्रंथ आला तर तो कपाटात जाण्याआधी त्याचे कार्ड लिहावे, आणि ज्याने लिहिले त्याने खाली आपले नाव व तारीख घालावी.